डोह कुणाचा? – मुलांना घेऊन सिपना नदीकाठी मुक्काम करताना



सुट्टी जवळ आली की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, मुलांना जंगल दाखवायचंय, कुठे नेऊ?" पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, "वाघ नक्की दिसेल अशी जागा सांगा." माझं उत्तर थोडं वेगळं असतं. वाघ नक्की दिसेल अशी जागा मला सांगता येणार नाही. पण मूल दोन दिवसांत ऐकायला, वाट बघायला आणि दुसऱ्यासाठी जागा सोडायला शिकेल, अशी एक जागा सांगते. ती म्हणजे मेळघाटातला सिपना नदीचा काठ, सेमाडोह आणि कोलकास.

आजच्या लेखात या मुक्कामाची तयारी कशी करायची ते टप्प्याटप्प्याने पाहू. सामानाची यादी शेवटीशेवटी येईल. आधी नदी समजून घेऊ, कारण मुक्कामाचा महिना, वेळ आणि नियम सगळे नदीच ठरवते.

जागेची ओळख

मेळघाट अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत आहे. घाटांचा मेळ तो मेळघाट, असा नावाचा अर्थ सांगतात. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटचं नाव होतं. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा याच प्रकल्पाचा गाभा. त्याचं क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. सेमाडोह आणि कोलकास ही वन विभागाची मुक्कामाची ठिकाणं याच व्याघ्र प्रकल्पात, सिपना नदीच्या काठी आहेत. सेमाडोहला कुटी आणि मोठ्या गटासाठी सामाईक निवास आहे, शिवाय मुलांना आवडेल असं निसर्ग परिचय केंद्र आहे. कोलकासचं विश्रामगृह उंचवट्यावर आहे. तिथून खाली नदीचं वळण दिसतं.

इथलं जंगल सागाचं. 'सिपना' हा शब्दच कोरकू भाषेत सागासाठी आहे. म्हणजे नदीचं नाव झाडावरून पडलं! वर्गात 'नावामागची गोष्ट' घेताना हे उदाहरण जरूर सांगा. कोरकू हे इथले मूळ रहिवासी. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडकडच्या संथाळी आणि मुंडारीची नातलग आहे. एवढ्या लांबची बहीण आपल्याच जिल्ह्यात राहते हे मुलांना सांगितलं की नकाशा लगेच उघडला जातो.

निघण्यापूर्वी नकाशावर नदी शोधा

तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासाला जोडून घेता येईल असा हा उपक्रम आहे. महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा घ्या. गाविलगडच्या माथ्यावर बोट ठेवा आणि मुलांना विचारा, "इथे पडलेला पाऊस कुठे जाईल?"

उत्तर उतारावर पडलेलं पाणी सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार अशा नद्यांमधून तापीला मिळतं. दक्षिण उतारावर पडलेलं पाणी शहानूर, चंद्रभागा यांच्यातून खाली पूर्णेला जातं. दोन थेंब शेजारी शेजारी पडले, एक इकडे घसरला, एक तिकडे. दोघांची ताटातूट झाली का? नाही! कारण पूर्णाही पुढे जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीलाच मिळते. दोन्ही थेंब पुन्हा एकत्र येतात आणि सुरतेकडून अरबी समुद्रात जातात.

मुलांना पेन्सिलने हे दोन रस्ते काढू द्या. प्रत्यक्ष सिपनाकाठी उभं राहिल्यावर "हे पाणी आता कुठे निघालंय?" असं विचारलं की त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. नदी अनोळखी राहत नाही.

महिना कोणता निवडावा?

जुलै ते सप्टेंबर: पावसाळा. गाभा क्षेत्रातलं पर्यटन या काळात बंद असतं आणि नदीला पूर असतो. वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरडं ऊन असतानाही पाणी चढतं. मुलांसह नदीकाठच्या मुक्कामाचा विचार या काळात करूच नये.

ऑक्टोबर, नोव्हेंबर: नदी वाहती आणि नितळ. जंगल हिरवंगार. गवत उंच असल्यामुळे प्राणी कमी दिसतात, डास मात्र जास्त असतात. झाडं, फुलपाखरं, कोळ्यांची जाळी पाहायला हा काळ छान.

डिसेंबर ते फेब्रुवारी: लहान मुलांसाठी सगळ्यात सोयीचा काळ. दिवसा हवा छान, रात्री मात्र कडाक्याची थंडी. नाताळ आणि शनिवार-रविवार टाळा, त्या दिवसांत गर्दी असते. शांतता हवी तर सोमवार ते गुरुवार हेच दिवस धरा.

मार्च ते मे: सागाची पानं गळतात, जंगल उघडं होतं, लांबचं दिसतं. मोहाची फुलं पडतात. ऊन कडक असतं. नदीची धार तुटते आणि पाणी फक्त डोहांमध्ये उरतं.

आता या शेवटच्या ओळीपाशी थोडं थांबू. पूर्ण लेखातली महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे.

डोह कुणाचा?

पावसाळ्यात आणि हिवाळ्यात जंगलात पाणी सगळीकडे असतं. नाल्यांत असतं, खड्ड्यांत असतं, झऱ्यांत असतं. सांबराला कुठेही प्यायला मिळतं. उन्हाळ्यात नाले आटतात. नदी म्हणजे दगडगोटे, आणि मध्ये मध्ये काही डोह. मग त्या एका डोहावर कोण कोण येतं? सांबर, गवा, भेकर, रानडुक्कर, अस्वल, वानर, मोर. त्यांच्या मागावर बिबट्या, रानकुत्री आणि वाघ. सगळ्यांचं पाणी तेवढंच.

वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला मेळघाटात मचाणावर रात्रभर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजतात, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. तीच रात्र का? कारण तेव्हा पाणी कमीत कमी ठिकाणी असतं, म्हणून प्राणी त्याच जागी येतात, आणि चांदण्यात ते दिसतात. उन्हाळ्यातला डोह प्राण्यांना किती महत्त्वाचा आहे, हे समजायला एवढं उदाहरण पुरे.

आता आपलं बघा. आपल्यालाही नेमकं त्याच डोहाच्या काठावर बसायचं असतं. सावली असते, गार वाटतं, फोटो चांगले येतात. पोरं दगड मारतात, मोठी माणसं गाणी लावतात. दुपारचे चार वाजलेले असतात. डोहाच्या पलीकडे झाडीत एक सांबराची मादी पिल्लाला घेऊन उभी असते. तिला तहान लागलेली असते, पण ती पुढे येत नाही. आपल्याला ती दिसतही नाही. आपण म्हणतो, "काहीच प्राणी नाहीत इथे!" आणि तिला दुसरं पाणी शोधायला उन्हातून डोंगर चढून जावं लागतं.

म्हणून मुक्काम ठरवताना मुलांसमोर पहिला प्रश्न ठेवायचा: हा डोह कुणाचा? उत्तर सोपं आहे. डोह त्यांचा, आपण दोन दिवसांचे पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या पाण्याची वाट अडवायची नसते. मूल हे एकदा समजलं की 'ओरडू नको, पळू नको' असं दहा वेळा सांगावं लागत नाही. आवाज कमी का ठेवायचा याचं कारण त्याच्याकडे असतं.

याच जंगलासाठी माणसांनीही जागा सोडली आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावं गाभा क्षेत्रातून बाहेर हलवली गेली. घर, शेत, देवस्थान, ओळखीची झाडं मागे ठेवून लोक गेले. त्यांनी जे सोडलं त्याच्यापुढे आपण दोन दिवस आवाज सोडणं हे काहीच नाही. मोठ्या वर्गातल्या मुलांशी या विषयावर नक्की बोला. जंगल वाचतं तेव्हा त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते, हे त्यांना कळायला हवं.

आरक्षण आणि प्रवास

स्वतःचा तंबू नेऊन हवा तिथे ठोकता येत नाही. मुक्काम वन विभागाच्या ठरलेल्या संकुलातच करायचा. आरक्षण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून करावं. दर आणि नियम बदलत असतात, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका. आरक्षण करतानाच या चार गोष्टी विचारून घ्या:

१. जेवणाची सोय आहे का, आणि किती आधी सांगावं लागतं?
२. वीज किती वेळ असते?
३. रस्त्यावरच्या तपासणी नाक्यांच्या वेळा काय आहेत?
४. जंगल सफारी, कोलकासची हत्ती सफारी त्या तारखांना सुरू आहे का?

रेल्वेने यायचं तर बडनेरा किंवा अमरावतीला उतरा. तिथून अचलपूर-परतवाडा साधारण ५० किलोमीटर. पुढचा रस्ता घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल, धारणी असा जातो. परतवाड्यानंतर वळणांचा घाट आहे. गाडी लागणाऱ्या मुलांना निघण्यापूर्वी पोटभर जेवण देऊ नका, हलकं खाऊ द्या. पेट्रोल, रोख पैसे, औषधं हे सगळं परतवाड्यातच घ्या. मोबाईलची रेंज पुढे भरवशाची नाही. घरच्यांना "उद्या संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही" असं आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी काळजीत पडणार नाही.

दिवसाउजेडी पोचायचं हा नियम पक्का. रात्री रस्ता ओलांडणारे प्राणी गाडीच्या दिव्यांनी बिचकतात आणि अपघात होतात.

शाळेची सहल असेल तर शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची लेखी संमती आधी हवी. लहान वयोगटासाठी दोन-तीन मुलांमागे एक मोठं माणूस ठेवावं असं मला वाटतं.

सामान: थोडं आणि कामाचं

- मातकट, हिरवे, खाकी रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. लाल-पिवळे, चमकणारे नकोत.
- बंद बूट आणि दोन जास्तीचे मोजे. चप्पल फक्त खोलीत.
- थंडीत स्वेटर, कानटोपी, एक जास्तीची शाल. उन्हाळ्यात टोपी आणि सुती दुपट्टा.
- प्रत्येकाची स्वतःची पाण्याची बाटली. उन्हाळ्यात माणशी दिवसाला तीन-चार लिटर पिण्याचं पाणी धरा. नदीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी तसंच प्यायचं नाही.
- डासांसाठी मलम. हा हिवतापाचा भाग आहे, त्यामुळे संध्याकाळी अंग झाकलेलं हवं. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना मेळघाटला गेलो होतो हे आवर्जून सांगा.
- विजेरी, जास्तीच्या सेलसह.
- साखर आणि मीठ. जुलाब-उलटी झाली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक पालकाला पाठ हवं. चमचा चहाचा.
- वही, पेन्सिल, जमलं तर एक दुर्बीण.
- एक रिकामी कापडी पिशवी. आपला सगळा कचरा, अगदी चॉकलेटचा कागदसुद्धा, तिच्यातून परत परतवाड्याला येतो.

न्यायचं नाही ते: स्पीकर, फटाके, अत्तर, माचिस घेऊन जंगलात फिरणं. फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा हंगाम. वाळलेल्या सागाच्या पानावर पडलेली एक ठिणगी अख्खा डोंगर जाळू शकते.

नदीकाठची शिस्त

इथे जरा कडक बोलते, कारण जिवाचा प्रश्न आहे. वाहतं पाणी उथळ दिसतं आणि डोह शांत दिसतो. दोन्ही फसवे असतात. डोहाचा तळ काठापासून दोन पावलांवर अचानक खोल जातो. शेवाळलेल्या दगडावर मोठं माणूसही घसरतं.

- पाण्यात उतरायचं नाही. घोट्यापर्यंतही नाही. 'फक्त पाय बुडवतो' इथूनच सुरुवात होते.
- काठापासून दहा पावलं मागे एक झाड किंवा दगड ठरवा. ती आपली 'लक्ष्मणरेषा'. पोचल्या पोचल्या मुलांना ती दाखवा.
- एका मोठ्या माणसाचं काम फक्त मुलांवर लक्ष ठेवणं. त्याच्या हातात मोबाईल नको. अर्ध्या तासाने पाळी बदला.
- पाणी एकाएकी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला तर वर पाऊस झाला आहे. लगेच उंचावर या.
- पहाटे, संध्याकाळी आणि रात्री संकुलाबाहेर पायी जायचं नाही. त्या प्राण्यांच्या वेळा आहेत. मोहाच्या दिवसांत अस्वलं फुलं खायला झाडाखाली येतात, आणि अचानक समोर आलेलं अस्वल फार धोकादायक.
- साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काहीही नाही. मुलाला हालचाल करू न देता, धीर देत थेट रुग्णालयात न्यायचं. अचलपूर आणि धारणी इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. रेंज असेल तर १०८ लावा. पोचल्यावर पहिल्या तासातच वनरक्षकांना विचारा, "अडचण आली तर इथून सगळ्यात जवळचा दवाखाना आणि गाडी कोणती?"

आठवडाभर आधी शांत बसण्याचा सराव

रोज तासन् तास टीव्ही-मोबाईलचा आवाज ऐकणाऱ्या मुलाला एकदम जंगलात नेऊन 'गप्प बस' म्हणणं अन्यायाचं आहे. शांत बसणं हे कौशल्य आहे. पाढ्यांसारखा त्याचाही सराव लागतो.

पहिल्या दिवशी अंगणात किंवा गच्चीवर दोन मिनिटं. मग तीन, पाच, असं करत शेवटच्या दिवशी दहा मिनिटं. प्रत्येकाला एक कागद द्या. मधे फुली मारायची, ती म्हणजे मी. आवाज ज्या दिशेने येईल तिथे छोटं चिन्ह काढायचं. जवळचा आवाज फुलीजवळ, लांबचा लांब. झाला आवाजांचा नकाशा! वर्गात हा उपक्रम घेतल्यावर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पंखा आवाज करतो हे मला आजच कळलं." चौथीत आलेलं मूल त्याच पंख्याखाली चार वर्षं बसलं होतं.

दोन दिवसांचा साधा आराखडा

पहिला दिवस. दुपारी पोचणं, जागा आणि सीमा पाहणं. साडेचार ते सहा कर्मचाऱ्यांनी दाखवलेल्या जागी, नदीपासून अंतर ठेवून बसणं आणि आवाजांचा नकाशा काढणं. लवकर जेवण. मग दिवे मालवून दहा मिनिटं आकाश पाहणं.

दुसरा दिवस. पहाटे सफारी किंवा संकुलातच पक्षी निरीक्षण. मेळघाटात रानपिंगळा राहतो. हे छोटं घुबड भर दिवसा जागं असतं. १८८४ नंतर ते कुणाला सापडलं नव्हतं. नामशेष झालं असंच सगळे समजत होते. १९९७ मध्ये नंदुरबारकडच्या सातपुड्यात, शहाद्याजवळ, ते पुन्हा दिसलं. ११३ वर्षांनी! नंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. ही गोष्ट पहाटे, सफारीला निघायच्या आधी सांगा. दुपारी सेमाडोहचं निसर्ग परिचय केंद्र. संध्याकाळी पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी बसून दुसरा नकाशा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. दुसऱ्यावर आवाज जास्त सापडतात, कारण कान तयार झालेले असतात.

दोन दिवसांत एवढंच. मुद्दाम रिकामा वेळ ठेवला आहे. सोबत चिखलदऱ्याचे सगळे पॉइंट उरकायचा मोह नको. त्यासाठी वेगळी सहल करा.

वाटाड्या कोरकू असेल तर मुलांनी त्यांना 'दादा' किंवा 'काका' म्हणून हाक मारावी आणि पाणी, नदी, वाघ, झाड यांना कोरकूत काय म्हणतात ते विचारून वहीत लिहावं. शिकवणारे ते आणि शिकणारे आपण, हेही मुलांनी अनुभवावं.

प्राणी दिसलाच नाही तर?

मेळघाट डोंगराळ आणि दाट आहे. वाघ सहज दिसत नाही. म्हणून जाताना वाघाचं वचन देऊ नका, नाहीतर मूल दोन दिवस फक्त एका गोष्टीची वाट बघतं आणि बाकीचं सगळं हातातून जातं. त्याऐवजी खुणा शोधायला सांगा. ओल्या वाळूतला ठसा, सालीवरचे ओरखडे, विष्ठेतले केस किंवा बिया. वानर खाकरल्यासारखं ओरडलं, सांबराने 'पोंक' केलं, भेकर भुंकलं, तर कुणीतरी शिकारी प्राणी चालतोय. तो दिसला नाही तरी त्याची बातमी आपल्याला कळलेली असते.

परत आल्यावर

मुलांना तीन प्रश्नांची उत्तरं लिहू द्या. मी कोणता नवा आवाज ऐकला? डोहावर कोण कोण पाणी पीत असेल? माझ्या गावात असा डोह कुठे आहे आणि तिथे पाणी प्यायला कोण येतं?

तिसरा प्रश्न सोडू नका. गावाजवळचा ओढा, पाझर तलाव, शेततळं, शाळेतलं नळाखालचं डबकंही चालेल. मूल तिथे दहा मिनिटं गप्प बसून बघेल, तेव्हा त्याला चिमण्या, बुलबुल, मधमाश्या, कदाचित एखादं मुंगूस दिसेल. नळाखालचं ते डबकं उद्या कुणी बुजवायला निघालं तर मूल विचारेल, "मग त्यांनी पाणी कुठे प्यायचं?"

आपल्या तयारीला शुभेच्छा!